उजवीकडून उघडणाऱ्या वह्या

शिरीषाच्या शेंगा वाजायला लागल्या की मला नकोसं होतं. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे ते झाड आहे. वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मार्च लागतो, दुपारचा कोरडा वारा सुटतो, आणि त्या चपट्या पिवळ्या शेंगा खुळखुळायला लागतात. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय छान आवाज येतो हो तुमच्या इथे!" मी म्हटलं, "फुकट आहे, उभं राहून ऐका." तो बिचारा प्रोजेक्ट घेऊन निघून गेला. त्याला काय माहीत, मला तो आवाज ऐकला की दुकानाचं शटर खाली ओढावंसं वाटतं ते!

आणि गंमत बघा, हाच आमचा सुगीचा हंगाम. नाना पेठेत माझं बाईंडिंगचं दुकान आहे. आधी अब्बांचं होतं, आता माझं. परीक्षा आल्या की जर्नलं, प्रोजेक्टं, प्रबंध यांचे गठ्ठे पायरीपर्यंत येतात. मुलं दारात उभी राहून "काकू, आजच पाहिजे, प्लीज, उद्या सबमिशन आहे" म्हणून गयावया करतात, आणि मी "मग काल का नाही आलात?" असं ठरलेलं उत्तर देते. पुठ्ठा, दोरा आणि खळ यांचा वास कपड्यांतून जात नाही. खळीत मोरचूद कमी पडलं तर या उन्हात ती दुपारपर्यंत आंबते. त्या आंबूस वासाने मला भूक लागत नाही. गेली तीन वर्षं तर मार्चमध्ये मला जेवणच जात नाही म्हटलं तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. तो एक हंगाम माझ्या डोक्यातून जात नाही.

पण आधी वह्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या पेठेत एक उर्दू शाळा आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून उर्दूची वहीही उजवीकडून उघडते. म्हणजे शिवण उजव्या हाताला आणि समासाची लाल रेघही उजवीकडे. तुमच्या-माझ्या वहीचं जे शेवटचं पान, ते तिचं पहिलं. अशा वह्या बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून अब्बांनी त्या बनवायला घेतल्या आणि दर जूनला शाळेत पोचवल्या. शाळेत सगळ्याच विषयांना त्याच वह्या. गणिताला त्याच, इंग्रजीला त्याच, मराठीलाही त्याच. म्हणजे मराठीच्या ओळी मुलं डावीकडून उजवीकडे लिहायची, पण पानं मात्र उजवीकडून उलटत जायची. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

आणि मी? मी अब्बांची पोर, पण मला उर्दू वाचता येत नाही. आमच्या घरात दखनी बोलतात, 'हौ' आणि 'नक्को'ची. अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं. म्हणाले, गिऱ्हाईक मराठी, पाट्या मराठी, सरकारी कागद मराठी, पोरीचं अडायला नको. घरात उर्दू वाचणारे ते शेवटचे. त्यांची पुस्तकं अजून कपाटात आहेत. मी त्यांच्या जिल्दी दुरुस्त करते, धूळ झटकते, आणि आत काय आहे ते मला ठाऊक नाही. दुकानात कुणी माझं नाव ऐकलं की हमखास म्हणतं, "बिल्कीस? अरे, पण तुमचं मराठी किती छान आहे!" मी म्हणते, "हो, चाळीस वर्षं सराव आहे." काही जणांना कळतं. बऱ्याच जणांना कळत नाही.

मुबीना पहिल्यांदा दुकानात आली ती ऐन थंडीत. बारावीत होती, त्याच उर्दू शाळेच्या वरच्या वर्गात. बारीक अंगाची, कपाळ मोठं, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. सोबत तिची अम्मी होती. त्या डबे करून देतात, त्यांच्या ओढणीला कायम फोडणीचा वास असतो. मुबीनाच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. वारज्याच्या एका मोठ्या दवाखान्याच्या नर्सिंग शाळेची जाहिरात होती ती. दोन वर्षांचं शिक्षण, राहायची सोय, शिकतानाच थोडा पगार, आणि पास झालं की तिथेच नोकरी. निवड लेखी परीक्षेवर. पेपर मराठीतून. एक निबंध, एक पत्र, आणि शरीराविषयीचे साधे प्रश्न.

"आपा, मला मराठी शिकवाल?" तिने विचारलं. विचारलं हिंदीत.

मी म्हटलं, "शिकवीन. पण या उंबऱ्याच्या आत मराठीतच बोलायचं. तहान लागली तरी मराठीत."

तिने अम्मीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, "मला... पाणी... पाहिजे." आम्ही तिघी हसलो. तेव्हा हसायला काही जात नव्हतं.

अम्मी जाताना दारात थांबल्या. हळूच म्हणाल्या, "इसके अब्बा बोले, एक बार दे इम्तेहान. नहीं हुआ तो हडपसर के गोदाम में लगा देंगे." हडपसरला मोठमोठी गोदामं आहेत. तुम्ही फोनवर मागवता त्या वस्तू तिथून निघतात. मुबीनाची मावसबहीण तिथे होती. दिवसभर उभं राहून खोक्यांना चिठ्ठ्या लावायच्या. तिचे अब्बा काही दुष्ट माणूस नाही. टेंपो चालवतात, कंबर गेलेली आहे, घरात मुबीनाच्या पाठीवर आफरीन आहे. त्यांनी मुलीला एक संधी दिली होती, आणि त्यांच्या ऐपतीत तेवढीच बसत होती. दवाखाना किंवा गोदाम, एवढाच सवाल होता.

मुबीनाच्या आधीच्या तुकडीतली मुलं मी रोज बघते. हुशार होती. एकजण एसी दुरुस्तीला जातो, दोघं पाठीवर चौकोनी पिशव्या घेऊन मोटारसायकलवर जेवण पोचवतात, एक मॉलमध्ये बिलिंगला. विश्रांतवाडीला एका ऑफिसात मुलाखतीला गेलेली एक मुलगी मला सांगत होती. सगळं नीट चाललं होतं म्हणे, मग त्यांनी विचारलं, "मीडियम कुठलं?" हिने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि "बरं, कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत. आणि उर्दूवाले तरी काय कमी! शाळेचे मास्तर भाषणात मातृभाषेचं "मादरी जबान, मादरी जबान" करतात आणि स्वतःची पोरं इंग्लिश मीडियमला. मी त्यांना एकदा तोंडावर विचारलं. म्हणाले, "आपा, जमाना बदल गया." म्हटलं, "हो, फक्त दुसऱ्यांच्या पोरांसाठी नाही बदलला."

तर ती थंडी. रोज दुपारी शाळा सुटली की मुबीना यायची, कागदाच्या गठ्ठ्यावर बसायची आणि लिहायची. मी एकीकडे दाभणाने भोकं पाडत, दोरा ओढत तिला सांगायची. पोर भराभरा शिकली. मला म्हणायची, "आपा, 'कंटाळा' हा शब्द मला फार आवडला. तोंडातून निघतानाच कंटाळा येतो." ळ आणि ण तिने असे घोटले की भल्याभल्यांनी लाजावं. दुपारी चहावाला यायचा तर त्याला मुद्दाम म्हणायची, "अहो, आपण चहात साखर जरा जास्तच घालता, नाही का?" तो बिचारा गडी, सांगलीकडचा, घाबरून जायचा. "हाय की ताई, कमी करतो," म्हणायचा. फेब्रुवारीपर्यंत ती निबंध असा लिहायला लागली की मी हातातलं काम थांबवून वाचायची. एका निबंधात तिने अम्मीचे हात लिहिले होते. सकाळी चाराला उठून पोळ्या करणारे हात, आणि तव्याच्या चटक्यांचे बारीक डाग. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मी तिला म्हटलं, "बरं आहे." शिकवणाऱ्याने चढवून ठेवू नये, असं आमच्या मराठी शाळेतल्या बाईंचं मत होतं. आता वाटतं, म्हणायला हवं होतं की सुंदर आहे. तेवढं तरी तिच्या पदरात पडलं असतं.

लिहायची कशात? माझ्याच वह्यांत. उजवीकडून उघडणाऱ्या. शाळेची मागणी दरवर्षी घटत होती, वह्या पोटमाळ्यावर पडून होत्या, म्हटलं पोरीला उपयोगी पडतील. अकरा वह्या तिने भरल्या. मी स्वतः शिवलेल्या, स्वतः कापलेल्या. माझ्या हाताने मी तिला तीन महिने तो सराव दिला.

आणि एकदा, परीक्षेच्या पंधराएक दिवस आधी, मी उरलेल्या कागदाची एक साधी, डावीकडून उघडणारी उत्तरपत्रिका शिवून तिला दिली. म्हटलं, आज घड्याळ लावून खराखुरा पेपर सोडव. तिने ती घेतली, गठ्ठ्यावर ठेवली, ओढणी सारखी केली आणि उघडली. उलटीकडून उघडली. शेवटचं पान पुढ्यात घेऊन वर तारीख घालायला लागली.

मी हसले. खो खो हसले. "अगं, जित्याची खोड!" म्हटलं, आणि वही तिच्या हातातून घेऊन सुलट करून दिली. तीही हसली, जीभ चावली. मग मी पुन्हा दाभण उचललं. त्या म्हणीचा पुढचा अर्धा भाग मी उच्चारलाही नाही. मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ती. बाहेर शेंगा वाजत होत्या, एवढं मात्र मला स्पष्ट आठवतं. पन्नास वर्षांचं हे दुकान, बापजन्मीचा धंदा, वहीची कुठली बाजू पुढची नि कुठली मागची यावर आमची भाकरी. आणि नेमकं तेवढंच मी तिला शिकवलं नाही.

बारावीचे पेपर संपले आणि आठवड्याने वारज्याचा दिवस आला. अम्मींना डबे होते, म्हणून मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेले. सकाळचीच वेळ, पण ऊन चढलं होतं. दवाखान्याच्या मागे नर्सिंग शाळेची बैठी इमारत, आणि अंगणात काय असावं? शिरीषच. निष्पर्ण, नुसत्या शेंगांनी लगडलेला. वारा आला की सगळं झाड एकदम खुळखुळायचं आणि वारा थांबला की एकदम गप्प व्हायचं. मुली रांगेत उभ्या होत्या. लातूरच्या, नांदेडच्या, यवतमाळच्या, आयांचा हात धरून आलेल्या. मुबीना त्यांच्याशी बोलत होती आणि तिच्या बोलण्यावरून कुणाला काही कळत नव्हतं. मला अभिमान वाटला, आणि का कोण जाणे, त्या अभिमानाचीच भीती वाटली.

वर्गाची खिडकी खाली होती. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसले तर मला तिची पाठ आणि उजवा हात दिसत होता. उत्तरपत्रिका वाटल्या. मुलींनी पहिल्या पानावर नाव, नंबर लिहिले. मग आतल्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "पहिलं पान भरून झालं असेल त्यांनी उत्तरपत्रिका पालथी ठेवा. घंटा झाल्याशिवाय कुणी उघडायची नाही." सगळ्या मुलींनी उत्तरपत्रिका पालथ्या घातल्या. मुबीनानेही घातली. आणि हात मांडीवर ठेवून बसली.

त्या वेळी मला काहीतरी खटकलं. खोटं नाही सांगत. घरातून निघताना गॅस बंद केला का, असं वाटतं ना, तसं. काय ते कळेना. मी पर्स उघडून पाहिली, किल्ल्या होत्या. पाण्याची बाटली होती. मग घंटा झाली आणि सगळ्या माना खाली गेल्या. ती लिहीत होती. मध्ये एकदाही थांबली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. "आपा, नऊ पानं! निबंध अम्मीच्या हातांवरच लिहिला, विषय 'श्रम' होता!" आम्ही उसाचा रस प्यायलो. दोन-तीन दिवसांत रमजान सुरू झाला. तिने सगळे रोजे धरले आणि रोज इफ्तारला अम्मी माझ्याकडे भज्यांची वाटी पाठवायच्या, जणू पोरगी पास झालीच. मी त्यांना म्हटलं, "थांबा हो जरा." पण मीही मनातून थांबले नव्हते.

ईद झाल्यावर यादी लागली. तिचं नाव नव्हतं. निवडीत नव्हतं, प्रतीक्षेतही नव्हतं.

मला राग आला. सरळ सांगते, मला जे वाटलं ते तुम्हालाही वाटलं असतं. नाव बघून काढलं, असं वाटलं. मी तणतणत वारज्याला गेले, मुबीनाला ओढत घेऊन गेले. खिडकीशी एक बाई बसल्या होत्या, चष्म्याला साखळी, पुढ्यात डबा नुकताच उघडलेला. म्हणाल्या, "अहो, आम्ही उत्तरपत्रिका दाखवत नाही." मी म्हटलं, "दाखवल्याशिवाय मी जात नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याचं झाकण लावलं, आणि आतून गठ्ठा काढून आणला. माणूस वाईट नव्हता. तेच तर दुखतं. वाईट असता तर भांडता आलं असतं.

त्यांनी उत्तरपत्रिका आमच्यासमोर ठेवली. वर मुबीनाचं नाव, सुवाच्य अक्षर. आत पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. तिसरं, चौथं कोरं, आणि तांबड्या शाईची एक तिरकी रेघ. खाली शून्य.

"कोरीच दिलीय ना," बाई म्हणाल्या.

मुबीनाने हात पुढे केला आणि उत्तरपत्रिका पालथी केली. शेवटचं पान उघडलं. तिथे होता तिचा निबंध. सकाळी चाराला उठणारे हात. एका पाठोपाठ नऊ पानं, समोरच्या दिशेने सरकत गेलेली आणि मध्येच थांबलेली. एकाही पानावर तांबडी शाई नव्हती. कुणी वाचलंच नव्हतं.

बाईंनी पहिल्या पानावरच्या बारीक छापाकडे बोट केलं. "नियम सात वाचा. वाचता येतो ना?"

मुबीनाने वाचला. मोठ्याने, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "मध्ये पाने कोरी सोडू नयेत. कोऱ्या पानांनंतरचा मजकूर तपासला जाणार नाही." कोऱ्या, पाने, मजकूर, कुठे म्हणून जीभ अडखळली नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता रडेल. रडली नाही.

बाई म्हणाल्या, "उच्चार किती स्वच्छ आहेत हो तुमचे! कुठल्या शाळेच्या?"

"उर्दू शाळेच्या."

"वाटत नाही हो अजिबात," बाई कौतुकाने म्हणाल्या.

मी विनवण्या केल्या. आता तपासा, आत्ता वाचा, दहा मिनिटं लागतील. त्या म्हणाल्या, यादी लागली, हॉस्टेलच्या खाटासुद्धा वाटून झाल्या. पुढच्या वर्षी बघा. पुढचं वर्ष मुबीनाच्या घरात नव्हतं, हे मी त्यांना कसं सांगणार होते?

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. कर्वे रस्ता गेला, डेक्कन गेलं. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत बस अडकली तेव्हा ती एकदम बोलली, मराठीतच बोलली. "आपा, त्यांनी पालथी ठेवायला सांगितली. मी ठेवली. घंटा झाली, मी उघडली. मला ती सरळच दिसली हो."

तेव्हा मला कळलं, खिडकीतून बघताना काय खटकलं होतं ते. मराठी वही पालथी घातली की शिवण उजव्या हाताला येते. म्हणजे जगातल्या प्रत्येक उर्दू शाळेच्या पोराला ती समोरूनच दिसते. वर्गातल्या इतर सगळ्या मुलींनी घंटेला वही आधी सुलट केली. हिच्यापुढे ती आधीच सुलट होती. बारा वर्षं हाताने जे केलं, तेच हाताने केलं. डोक्याला विचारायला त्या घाईत वेळ कुठे होता? मला माहीत होतं हे. त्या आख्ख्या इमारतीत ही गोष्ट माहीत असलेली मी एकटी बाई होते, आणि मी कट्ट्यावर बसून पर्समध्ये किल्ल्या शोधत होते.

पुढच्या सोमवारी ती गोदामात लागली. गळ्यात पट्ट्याचं ओळखपत्र, पायात बंद बूट. एकदा रस्त्यात भेटली. मी विचारलं, "काही लिहितेस का गं?" ती म्हणाली, "नाही आपा. तिथे लिहायला लागतच नाही. चिठ्ठ्या छापूनच येतात." हसली. मग तिची गाडी आली. तिच्या शब्दांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. हिंदीत बोलली असती तरी बरं वाटलं असतं. अजून माझ्याशी मराठीतच बोलते, माझ्या उंबऱ्याच्या बाहेरही.

मी तिच्या अम्मींना खरं काय झालं ते सांगितलं, परीक्षेच्या पंधरा दिवस आधीच्या माझ्या हसण्यासकट. त्यांनी मळलेली कणीक झाकून ठेवली. मग म्हणाल्या, "आपने तो पढ़ाया ना." बस, एवढंच. भज्यांची वाटी अजून येते रमजानात. मला गिळवत नाही.

गेल्या जूनमध्ये शाळेची मागणीच आली नाही. मी मास्तरांना फोन केला. म्हणाले, पाचवीला दोनच मुलं आलीत, पुढचं काही खरं नाही, दुसऱ्या शाळेत मिसळून टाकतील असं ऐकतोय. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांना कुलपं लागलीत. येता-जाता मी ती कुलपं मोजते. दिवाळीत दोन होती. उजव्या समासाचा छापील कागद पोटमाळ्यावर पडलाय, त्याला कसर लागली आहे. दुकान बंद असलं आणि आवाज थांबले की ती कागद खातेय असं वाटतं. कसरीचा आवाज येत नाही, हे मलाही कळतं. तरी वाटतं.

काय करायचं सांगा ना? भाषा सोडा म्हणावं, तर अब्बांच्या कपाटासारखं होतं, आपल्याच घरात आपल्यालाच वाचता न येणारी पुस्तकं. धरून ठेवा म्हणावं, तर कुठल्या तरी अंगणात, कुठल्या तरी घंटेला, पोर पालथं पान उघडतं. मला दोन्हीकडचं दिसतं आणि दोन्हीकडचं बोलायला जीभ धजत नाही. ज्यांना एकच बाजू दिसते, ते भाषणं छान करतात.

काल दुपारी आफरीन आली. मुबीनाची धाकटी. यंदा बारावीला आहे, रोजे आणि पेपर यंदा एकत्रच आलेत. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं. रोज्याची असल्यामुळे मी तिला पाणीही विचारू शकत नव्हते. तिने खांद्यावरची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत मुबीनाच्या अकरा वह्या होत्या.

"दीदीने पाठवल्यात," ती म्हणाली. मराठी चांगलं आहे तिचं, दीदीने घरी शिकवलंय. "मी फॉर्म भरलाय. वारज्याचाच. तीन आठवड्यांनी पेपर आहे. दीदी म्हणाली, याच वह्यांतून अभ्यास कर, पण आपांकडून आधी डावीकडून बांधून घे. म्हणजे हाताला सवय होईल."

मी पहिली वही घेतली. कटर लावून शिवण उसवली, पुठ्ठा सोडवला, आणि पानं डावीकडे शिवण येईल अशी मांडून बघितली. निबंधाचा शेवट आधी आला आणि सुरुवात मागे गेली. अम्मी आधी थकून बसली आणि मग सकाळी चाराला उठली. पानं सुटी करून ओळीने लावायला जावं, तर समास उजवीकडे सुटलेला आणि ओळी अगदी डाव्या कडेपासून लिहिलेल्या, शिवण घातली की दर दुसऱ्या पानावर ओळींचे पहिले शब्द तिच्यात जाणार. एकदा त्या बाजूने लिहिलेलं या बाजूने बांधता येत नाही. पन्नास वर्षांच्या धंद्यात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पानं हातात घेऊन उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली.

"नाही जमत बेटा," मी म्हटलं. "या आहेत तशाच राहू देत. वाचायला ने. लिहायला मी तुला नवी देते." आणि सकाळीच शिवलेली एक कोरी उत्तरपत्रिका, डावीकडच्या शिवणीची, तिच्या हातात दिली. "वर नाव लिही."

तिने नाव लिहिलं. देवनागरीत, स्वच्छ.

"आता पालथी ठेव. हात मांडीवर. मी घंटा म्हटलं की उघडायची."

तिने पालथी ठेवली. बाहेर वारा आला आणि झाड खुळखुळलं. तिला सगळं ठाऊक होतं, बरं का. दीदीचं काय झालं, कसं झालं, घरात हजारदा बोलून झालेलं. त्याच भीतीने तर ती आली होती. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, अगदी मुबीनासारखी.

मी म्हटलं, "घंटा."

तिचा हात खाली गेला, आणि तिने तिच्या समोर होतं ते पान उघडलं. शेवटचं. पेनचं टोपण काढलं आणि तारीख घालायला लागली.

या वेळी मी हसले नाही. उठून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, तिच्या शेजारी गठ्ठ्यावर बसले, तिचा हात माझ्या हातात धरला आणि उत्तरपत्रिका मिटवली.

"पुन्हा," मी म्हटलं.